खिशातल्या कॅमेऱ्याचा फोटो पारखायचा कसा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओळखीत कुणी छोटा डिजिटल कॅमेरा घ्यायला निघालं की एक फोन माझ्याकडे येतो. माझी पात्रता एवढीच, की कपाटात असे सहा-सात कॅमेरे साठलेत आणि त्यातले दोन चुकून घेतलेले आहेत. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतोय. लेन्स बदलता न येणारे, खिशात किंवा छोट्या पर्समध्ये मावणारे कॅमेरे, एवढाच विषय.

जास्त मेगापिक्सेल म्हणजे जास्त चांगला फोटो ना?

नाही. मेगापिक्सेल म्हणजे फोटोत ठिपके किती. ते ठिपके कसे आहेत हे त्यातून कळत नाही. साधा हिशोब करा. अल्बममधला ६ × ४ इंची फोटो इंचाला ३०० ठिपके धरून छापायचा तर १८०० × १२०० ठिपके लागतात, म्हणजे दोन मेगापिक्सेलपेक्षा किंचित जास्त. भिंतीवर लावायच्या १२ × ८ इंची फोटोला साडेआठच्या आसपास. फोर-के टीव्हीचा अख्खा पडदा ८३ लाख ठिपक्यांचा. आणि १२ चे २४ मेगापिक्सेल झाले म्हणून तपशील दुप्पट होत नाही. ठिपके उभ्या-आडव्या दोन्ही दिशांना वाटले जातात, त्यामुळे एका दिशेला वाढ होते साधारण १.४ पट. दुप्पट हवी असेल तर १२ चे ४८ व्हायला लागतात, आणि तेवढा तपशील लेन्सलाही देता यायला हवा.

उत्पादकांनाही हे ठाऊक असतं. कॅननचा २००८ चा जी-१० हा १४.७ मेगापिक्सेलचा होता. पुढच्याच वर्षी जी-११ आला तो १० मेगापिक्सेलचा, त्याच मापाच्या सेन्सरवर (सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातली उजेड टिपणारी चकती). नव्या मॉडेलचा आकडा मुद्दाम खाली आणणं दुकानदाराला अडचणीचं वाटलं असेल, पण कमी उजेडातले फोटो सुधारण्याचा तो प्रामाणिक प्रयत्न होता.

मग खोक्यावरचा कोणता आकडा बघायचा?

सेन्सरचं माप. आणि नेमकं तेच सगळ्यात गोंधळात टाकणाऱ्या भाषेत लिहिलेलं असतं.

स्वस्तातल्या बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांत ‘१/२.३ इंच’ सेन्सर असतो. प्रत्यक्षात तो साधारण ६.२ × ४.६ मिलिमीटरचा, म्हणजे तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढा. ‘१ इंच’ सेन्सर १३.२ × ८.८ मिलिमीटरचा, करंगळीच्या नखाएवढा. त्यात कुठेच एक इंच सापडत नाही. हे नाव जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या व्हिडिकॉन नळ्यांवरून आलं. तेव्हा माप नळीच्या बाहेरच्या काचेचं सांगत, चित्र उमटण्याची जागा त्याहून बरीच लहान असे. नळ्या गेल्या, मापं राहिली. त्यावरचा एपीएस-सी सेन्सर साधारण २३.५ × १५.६ मिलिमीटर, लहानशा पोस्टाच्या तिकिटाएवढा.

क्षेत्रफळ काढलं की फरक कळतो: २८, ११६ आणि ३६६ चौरस मिलिमीटर. पावसात वाटी ठेवली आणि परात ठेवली तर पाणी कशात जास्त साठणार, हे सांगायला नको. उजेडाचंही तेच. डाळीच्या दाण्यापेक्षा नखाएवढा सेन्सर चौपट उजेड गोळा करतो.

सेन्सर मोठा घेतला की काम झालं?

अर्धं झालं. उरलेलं अर्धं लेन्सवर. सोनीचा आरएक्स-१०० हा २०१२ साली एक इंची सेन्सर घेऊन खिशात मावला तेव्हा मोठीच गोष्ट होती. पण त्याची लेन्स रुंद कोनात एफ/१.८ (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं आणि उजेड जास्त) असली तरी पूर्ण झूमला एफ/४.९ होते. म्हणजे झूम ओढला की आत येणारा उजेड साधारण एक सप्तमांश उरतो. खोक्यावर मोठ्या अक्षरात पहिला आकडा, दुसरा कुठेतरी बारीक. तुम्ही शाळेच्या स्नेहसंमेलनात शेवटच्या रांगेतून मुलाचा फोटो काढणार असाल तर तुमच्या कामाचा तो दुसरा.

तीसपट झूमचा कॅमेरा खिशात कसा मावतो, असं विचारणाऱ्यांनी सेन्सर बघावा. तो डाळीचा दाणा असतो. सेन्सर लहान तर लेन्स लहान, म्हणून एवढा झूम परवडतो. उलट रिकोचा जीआर-३ (२०१९) एपीएस-सी सेन्सर घेऊन खिशात मावतो, कारण त्याला झूमच नाही. सेन्सर, झूम आणि आकार या तिघांपैकी दोघांना खूश करता येतं, तिसरा रुसतोच.

घरच्या घरी तपासायची काही पद्धत आहे का?

आहे, आणि तिला दोनच वस्तू लागतात: मराठी वर्तमानपत्राचं छोट्या जाहिरातींचं पान आणि एक काळी घोंगडी. कागदाने लेन्स तपासायची, घोंगडीने सेन्सर आणि आतली प्रक्रिया.

आधी कागद. पान भिंतीवर चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून ताणून बसवा, सुरकुती नको. एक पान कमी पडतं. चार पानं जोडून पूर्ण चौकट भरेल असं करा. कॅमेरा ट्रायपॉडवर, नसेल तर स्टुलावर पुस्तकं रचून, भिंतीला अगदी समांतर. तिरका ठेवलात तर कोपरे धूसर येतील आणि दोष बिचाऱ्या लेन्सला लागेल. आयएसओ (कमी उजेडातही फोटो उजळ यावा म्हणून वाढवायचा आकडा) सगळ्यात खालचा, दोन सेकंदांचा टायमर (बोटाच्या धक्क्यानेही फोटो हलतो), फ्लॅश बंद. रुंद कोनात एक, मधल्या झूमला एक, पूर्ण झूमला एक. छिद्र बदलायची सोय असेल तर प्रत्येक ठिकाणी पूर्ण उघडं आणि एक-दोन पायऱ्या बंद करून.

आता संगणकावर शंभर टक्के आकारात बघा. आपली लिपी इथे मोठी उपयोगाची आहे. रोमन अक्षर धूसर झालं तरी ओळखू येतं; आपल्याकडे अनुस्वार हा एक ठिपका असतो आणि रफार ही एक बारीकशी वळलेली रेघ. मधल्या ओळींतले अनुस्वार सुटे दिसतात, पण कोपऱ्यातले शिरोरेषेत मिसळलेत? लेन्स कडेला कमी पडते आहे. थोडं मिसळणं सगळ्याच छोट्या कॅमेऱ्यांत होतं, रुंद कोनात जास्तच. छिद्र एक पायरी बंद केल्यावर सुधारलं तर काळजी नको. शिरोरेषा कडेला फुगून धनुष्यासारखी वाकली असेल तर तो लेन्सचा फुगवटा. हल्ली कॅमेरे तो आतल्या आत सरळ करून देतात, पण तसं करताना कोपरे ताणले जातात आणि थोडा तपशील जातो.

अक्षरांच्या कडेला जांभळी किंवा हिरवी किनार दिसते का, हे कागदापेक्षा गच्चीत जाऊन बघा. पांढऱ्या आभाळासमोर नारळाच्या झावळ्या आणि विजेच्या तारा, एवढं पुरे. तारेच्या दोन्ही बाजूंना पांढरी चकचकीत रेघ दिसली तर मात्र ती लेन्सची करणी नव्हे. कॅमेऱ्याने फोटो ‘शार्प’ दाखवायला स्वतः काढलेली ती बाह्यरेषा आहे. सेटिंगमध्ये शार्पनेस कमी करता येत असेल तर करा.

एकच कोपरा धूसर येतोय. सवय होईल का?

नाही होणार. परत करा. चारही कोपरे सारखेच मऊ असणं हा त्या लेन्सचा स्वभाव. एकच कोपरा बिघडणं हा तुमच्या हातात आलेल्या नगाचा दोष, आतलं एखादं भिंग किंचित सरकलेलं. बाहेर येणाऱ्या-आत जाणाऱ्या लेन्सांत हे अधूनमधून होतं. खात्रीसाठी कॅमेरा उलटा करून तोच कागद पुन्हा टिपा. धूसरपणा कॅमेऱ्याबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर लेन्स दोषी, भिंतीच्या त्याच जागी राहिला तर कागद किंवा तुमचा कोन.

मी माझ्या दोन चुकांपैकी एक इथे केली. डाव्या बाजूला डोंगर कायम धुक्यात, उजवीकडे लख्ख. मी तीन महिने सह्याद्रीच्या हवेला दोष देत राहिलो. कागद लावला तेव्हा परत करायची मुदत संपून गेली होती.

कमी उजेडात फोटो रवाळ येतो. कॅमेरा खराब आहे का?

रवाळपणाला, म्हणजे नॉइजला, लोक फार घाबरतात. मला भीती वाटते ती रवा अजिबात न दिसण्याची.

उजेड कमी असला की सेन्सरवर पडणारे प्रकाशकण मोजके असतात, आणि ते पावसाच्या पहिल्या थेंबांसारखे इकडे जास्त, तिकडे कमी असे पडतात. फोटोतला रवा मुख्यतः त्यातून येतो. डाळीच्या दाण्याएवढ्या सेन्सरला त्यातून सुटका नाही. मग कॅमेरा काय करतो? जेपीईजी, म्हणजे नेहमीची फोटो फाइल, तयार करताना शेजारशेजारचे ठिपके घोटून एकसारखे करतो. रवा जातो. त्याबरोबर केसांच्या बटा, गवताची पाती, आजोबांच्या हातावरच्या सुरकुत्याही जातात, कारण त्या बारीक फरकांतला रवा कोणता आणि खरा पोत कोणता हे कॅमेऱ्याला नीट ओळखता येत नाही. उरतो मेणाचा चेहरा.

घोंगडी यासाठीच. वर्तमानपत्राची काळी अक्षरं पांढऱ्यावर ठसठशीत असतात, ती या घोटण्यातून बचावतात. म्हणून कागदाचा फोटो आयएसओ ३२०० लाही बरा दिसून फसवतो. घोंगडीतला पोत काळ्यावर काळा, लोकरीचा धागा न् धागा जेमतेम वेगळा. पहिला बळी त्याचाच. संध्याकाळी घरच्या दिव्यात ती खुर्चीवर टाका आणि आयएसओ १००, २००, ४००, ८००, १६००, ३२०० असे सहा फोटो काढा, कॅमेरा न हलवता. ज्या आकड्याला लोकर संपून नुसता काळा डाग उरतो, त्याच्या एक पायरी आधी तुमच्या कॅमेऱ्याची खरी मर्यादा. खोक्यावर १२,८०० लिहिलेलं असो नाहीतर आणखी काही. घोंगडी नसेल तर काळं मांजर चालेल, फक्त ते बसून राहायला हवं.

दोन कॅमेऱ्यांत निवड करायची वेळ आली तर थोडा रवा असलेला पण लोकर दाखवणारा घ्या. रवा नंतर संगणकावर कमी करता येतो, छापताना तर बराचसा आपोआप दडतो. घोटून गेलेला पोत परत येत नाही.

फोटो सारखे धूसर येतात. लेन्स बदलून मिळेल का?

आधी बघा की फोटो हलले आहेत का. माझ्याकडे ‘क्वालिटी खराब’ म्हणून येणाऱ्या फोटोंपैकी बरेचसे हललेले असतात. प्रकाशाचा बारीक ठिपका शोधा, चष्म्यावरची चमक किंवा समईची ज्योत. तो लांबुडका, एकाच दिशेला ओढलेला असेल तर हात हलला. सगळं स्थिर आणि फक्त माणूस फराटा झालाय, तर माणूस हलला; त्यावर कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन काहीच करू शकत नाही, शटरचा वेगच वाढवायला हवा. चेहरा धूसर पण मागचं तोरण स्पष्ट, म्हणजे फोकस चुकला. ठिपका गोल आणि सगळंच एकसारखं मऊ असेल तर लेन्सवर बोटाचा ठसा आहे का ते आधी पाहा. हसू नका.

एफ/८ ला फोटो जास्त शार्प येतो म्हणतात, माझा उलट मऊ का येतो?

तो सल्ला मोठ्या कॅमेऱ्यांचा आहे. प्रकाश बारीक छिद्रातून जाताना पसरतो. एफ/८ ला एका बिंदूचा जवळपास १०.७ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) गोळा होतो, हिरव्या उजेडाचं हे माप. डाळीच्या दाण्यावर २० मेगापिक्सेल बसवले तर एक ठिपका असतो सुमारे १.२ मायक्रॉनचा. म्हणजे एक बिंदू नऊ ठिपक्यांच्या रुंदीवर सांडला. म्हणूनच बऱ्याच छोट्या कॅमेऱ्यांत छिद्र बारीक न करता आत एक करडी काच आडवी घालून उजेड कमी करतात. एक इंची सेन्सरला एफ/४ ते ५.६ च्या पुढे जाऊ नये, एपीएस-सीला एफ/८ खुशाल वापरा.

झेंडूची फुलं केशरी गोळ्यासारखी सपाट येतात. हळदी-कुंकवाचंही तेच.

रंग जळतो त्याची ही खूण. एकूण उजेड बरोबर असला तरी लाल वाहिनी, म्हणजे फोटोतली लाल रंगाची नोंद, एकटीच काठोकाठ भरून वाहू लागते, आणि भरलेल्या भांड्यात पाकळ्यांमधला फरक नोंदायला जागाच राहत नाही. त्यात कॅमेरा ‘व्हिव्हिड’ रंगांवर असेल तर आणखीच. दसऱ्याला बाजारात एक पाटी झेंडू साध्या रंगांवर टिपा, मग एक्सपोजर (फोटोचा उजळपणा) उणे ०.७ करून टिपा. दुसऱ्यात पाकळ्या सुट्या दिसल्या तर कॅमेरा ठीक, सेटिंग भडक. दोन्हीत गोळाच दिसला तर माझ्या मते कॅमेऱ्याचे रंग आपल्याकडच्या लग्नसमारंभांसाठी नाहीत. पैठणीचा काठही अशाच कसोटीचा: जर चमकताना पांढरी पडते का, आणि जांभळा रंग निळा होतो का, हे बघायचं.

वारीत काढलेल्या फोटोंत पांढरे सदरे तरी जळतात, नाहीतर चेहरे तरी काळे पडतात.

भर दुपारचं ऊन, पांढरा सदरा, टोपीच्या सावलीतला सावळा चेहरा: उजेडाच्या या दोन टोकांमधलं अंतर पेलणं लहान सेन्सरला जड जातं. ते किती पेलतो हे बघायला एखाद्या वाड्याच्या काळोख्या ओसरीत उभं राहून उन्हातल्या अंगणासकट फोटो काढा. अंगण जळणार नाही इतकं एक्सपोजर खाली आणा, मग संगणकावर ओसरी उजळा. खांबावरचं कोरीवकाम दिसलं तर उत्तम. जांभळट-हिरवट डागांची रांगोळी दिसली तर त्या कॅमेऱ्याची धाव तिथे संपली. जळालेलं पांढरं परत येत नाही, काळं थोडंफार येतं, म्हणून शंका असेल तर फोटो काळसर ठेवावा. चौकट सदऱ्यांनी भरली की मात्र कॅमेरा आपणहून सगळं करडं करतो. तेव्हा उलट, थोडं वाढवायचं.

रॉ फाइल लागते का?

पारखायला तरी हवीच. जेपीईजीत कॅमेऱ्याची मतं मिसळलेली असतात, रॉमध्ये सेन्सरने काय पाहिलं ते बरंचसं जसंच्या तसं राहतं. रोजच्या वापरात रॉ काढणार नसाल तर निर्णय जेपीईजी बघूनच घ्या. जे कधी शिजवणार नाही त्या तांदळाची पारख कशाला?

एलईडी दिव्यांखाली फोटोवर आडवे पट्टे येतात. सेन्सर बिघडला?

नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवून बघा, किंवा मेकॅनिकल शटर असेल तर ते वापरा. पट्टे जातात.

फोन असताना हा खटाटोप कशासाठी?

डाळीच्या दाण्याएवढ्या सेन्सरचा कॅमेरा फक्त फोटोच्या दर्जासाठी घेणार असाल तर नका घेऊ. चांगला फोन एका क्लिकमध्ये अनेक फोटो काढून ते एकमेकांवर रचतो आणि लहान सेन्सरची उणीव भरून काढतो. पण फोनही घोटतो, तोही शार्प करतो, आणि बऱ्याचदा जास्तच. घोंगडीची परीक्षा त्याचीही घ्या. एक इंची किंवा त्याहून मोठा सेन्सर, खरा ऑप्टिकल झूम किंवा फुजीच्या एक्स-१०० मालिकेसारखी एफ/२ लेन्स असेल, तर फरक छापील फोटोत सहज दिसतो. फोनच्याच पडद्यावर बघणार असाल तर फारसा नाही.

भाचीला २००८-१० चा सीसीडी (जुन्या प्रकारच्या सेन्सरचा) कॅमेरा हवाय. त्याचे रंग खरंच वेगळे असतात?

वेगळे असतात, पण ते श्रेय एकट्या सीसीडीचं नाही. सेन्सरवरच्या रंगगाळण्या, त्या काळची भडक प्रक्रिया आणि समोरून थाडकन पडणारा फ्लॅश, हे सगळं मिळून तो ‘जुना’ रंग होतो. उन्हात, आयएसओ ८० ला हे कॅमेरे आजही गोड फोटो देतात. आयएसओ ४०० नंतर बघवत नाही, आणि दिवा चौकटीत आला की पडद्यावर उभी जांभळी रेघ उमटते. भाचीला हौस म्हणून घेऊ द्या, पण अवाच्या सवा किंमत देऊन नको.

जुना घेताना फोटोच्या दृष्टीने काय तपासायचं?

बुरशी. मुंबई-कोकणच्या दमट हवेत लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू वाढतात. लेन्स बाहेर आलेली असताना कडेने तिरका टॉर्च मारून आत बघा. थोडी बुरशी फोटोत थेट दिसत नाही, पण उजेडासमोर सगळा फोटो दुधाळ होतो, आणि ती वाढतच जाते. मग आभाळाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो, पूर्ण झूम आणि जमेल तेवढं बारीक छिद्र ठेवून: काळसर गोल डाग दिसले तर सेन्सरवर धूळ आहे, आणि या कॅमेऱ्यांत ती पुसायला अख्खा कॅमेरा उघडावा लागतो. मुंबईत बोरा बाजारात किंवा पुण्यात जुन्या बाजारात घेणार असाल तर स्वतःचं कार्ड आणि टॉर्च बरोबर न्या. कार्ड लहान न्या. खूप जुन्या कॅमेऱ्यांना २ जीबीच्या वरचं कार्ड ओळखताच येत नाही.

कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर नमुना फोटो पाठवलाय. त्यावरून ठरवू का?

नको. वाटेत तो दाबला गेलेला असतो. मूळ फाइल दस्तऐवज म्हणून मागवा आणि तिच्यातला आयएसओ, शटर, छिद्र वाचा. उत्पादकाच्या जाहिरातीतले नमुने बहुधा भर उन्हातले, खालच्या आयएसओचे असतात. उन्हात सगळेच कॅमेरे शहाणे वागतात.

दुकानात दहाच मिनिटं मिळतात. तेवढ्यात काय करू?

कॅमेऱ्याच्या पडद्यावर विसंबू नका, त्यावर सगळं छान दिसतं. स्वतःचं कार्ड घाला. समोरच्या फळीवरच्या खोक्यांचा एक फोटो रुंद कोनात, एक पूर्ण झूमला; खोक्यांवरची बारीक अक्षरं कोपऱ्यात येतील असे. मग काउंटरखालच्या अंधाराचा किंवा कुणाच्या काळ्या पँटचा आयएसओ १६०० ला एक. विक्रेत्याच्या चेहऱ्याचा एक फ्लॅशशिवाय, त्याला विचारून. शेवटी दारातून, आतला काळोख आणि बाहेरचा रस्ता दोन्ही येतील असा एक. घरी जा, मोठ्या पडद्यावर बघा, आणि दुकानदार ‘आजच ऑफर संपते’ म्हणाला तरी दुसऱ्या दिवशी जा.